जित्याचं नाव

ब्राझीलमधल्या आमच्या लिन्या इंबुइया या वस्तीवर राहायचं असेल तर कोणाशीही भांडा, पण तेकला होरोबेत्सशी भांडू नका, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्या जिवंतपणी ती तुमचं काही वाकडं करणार नाही. पण मेल्यावर तुमचं नाव वहीत लिहिणारी तीच, आणि तिने विसरायचं ठरवलं तर जाब विचारायला तुम्ही असणार नाही.

वही प्रत्येक घराची वेगळी असते. त्यात त्या घरातली गेलेली सगळी माणसं, समुद्र ओलांडून आलेल्या पणजोबांपासून. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शनिवारी या वह्या चर्चमध्ये नेऊन टेबलावर ठेवायच्या, शेजारी तीन वेण्यांचा पाव, पावात मेणबत्ती. मग फादर वह्यांमधली नावं मोठ्याने वाचतात. फक्त नावं, आडनाव देवाला लागत नाही. सतरा चर्चना मिळून एकच पाद्री, त्यामुळे आमच्या वाट्याला वर्षातून एकच शनिवार येतो. चारशेच्या वर नावं, त्यांत सत्तर-ऐंशी तर इव्हानच. पोरं बोटांवर इव्हान मोजतात आणि आयांचे चिमटे खातात.

नावं आपल्या अक्षरांत लिहायची, पोर्तुगीज अक्षरांत नाही. ती अक्षरं आता लिन्यावर किती जणांना येतात? वाचायला पाच-सहांना, वळणदार लिहायला एकट्या तेकलाला. बंदीच्या वर्षांत, आपली भाषा बोललं तरी पोलीस घेऊन जायचे तेव्हा, तिच्या आईने प्रार्थनेचं पुस्तक मक्याच्या कणगीत तळाशी लपवलं होतं. त्यामुळे त्या घरात अक्षरांना मान होता. पुढे सिस्टरांच्या शाळेत तेकलाने ती गिरवली आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून सगळ्या लिन्याच्या मेलेल्यांची ती कारकून झाली. जानेवारीत बायका चीज, अंडी, कोणी क्राकोव्हिया सॉसेजचा तुकडा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात यायच्या, आणि फाटक्या वह्या नव्याने लिहून घ्यायच्या.

"सासूबाईंचं नाव जरा ठळक काढ गं," मारिन्या लोझोवेई दरवर्षी सांगायची. "बारीक दिसलं तर वरून ओरडतील."

"आणि नवऱ्याचं?"

"त्याचं कसंही काढ. जिवंतपणी कधी हाकेला ओ दिली नाही, आता काय देणार आहे?"

अशी मजा चालायची. तेकला स्वतः हसायची कमी, पण बोलायची नेमकं. सत्तर वर्षांची, काटकुळी, लग्न न केलेली. दोन गाई, घेवड्याचं शेत, एर्व्याची, म्हणजे आमच्या कडू चहाच्या पाल्याची, चाळीस झाडं. चर्चमध्ये गाणं उचलून द्यायला तीच उभी राहायची. तिच्यासारखी बाई नाही, असं फादर म्हणायचे, सिस्टर म्हणायच्या, मारिन्यासुद्धा म्हणायची. आणि ते ऐकलं की तेकला विषय बदलायची. कारण होरोबेत्सांच्या वहीत, आईच्या नावाच्या वरच्या ओळीवर, एक नाव खोटं होतं. अडतीस वर्षं झाली ते तिथे होतं, आणि ते तिने स्वतःच्या त्या नावाजलेल्या अक्षरात लिहिलं होतं.

ते नाव तिच्या धाकट्या भावाचं, ओनोफ्रेचं. वहीत ओनुफ्रिय.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी फादर मेतोदियो आपली लाल धुळीने माखलेली गाडी घेऊन तिच्या फाटकाशी आले. हे फादर नवीन, अजून वर्षही झालं नव्हतं. तेकलाने भोपळ्याच्या भांड्यात शिमाराँव, एर्व्याचा कढत चहा, भरून दिला. त्यांनी नळीने एक घोट घेतला, जीभ भाजून घेतली आणि खिशातून कागद काढला.

"तेता," थोरल्या बाईला आम्ही म्हणतो तसं ते म्हणाले, "वाईट बातमी आहे. रोन्दोनियात आपले एक पाद्री वर्षातून दोनदा फेरी मारतात ना, त्यांचं पत्र कुरितिबाला बिशपांच्या कचेरीत आलं, तिथून माझ्याकडे. तुमचे भाऊ जानेवारीत वारले."

तेकला चुलीपाशी उभी होती. ती तिथेच लाकडाच्या पेटीवर बसली.

आमचा धर्मप्रांत तसा मजेशीर आहे. बाकीच्या बिशपांना जमिनीचे तुकडे वाटून दिलेत. आमच्या बिशपांना माणसं दिलीत. एवढ्या मोठ्या ब्राझीलमध्ये जिथे आपल्या रीतीचा एखादा म्हातारा खोकत बसला असेल, तिथपर्यंत आमचा धर्मप्रांत. प्रुदेंतोपोलिसच्या बाजारात अजूनही आम्हाला पोलाक, म्हणजे पोलंडचे, म्हणतात, आणि पोलाक वेगळे आम्ही वेगळे हे सांगून सांगून आमच्या तीन पिढ्या थकल्या. पण दोन हजार किलोमीटरवर जंगलाच्या तोंडाशी आपला एक माणूस मेला तर त्याचा कागद बरोबर आपल्या चुलीपर्यंत येतो. इतके आम्ही थोडे आहोत.

"तिथे लाकडाच्या गिरणीत कामाला होते," फादर वाचत होते. "लग्न केलं नव्हतं. जवळचं कोणी नाही. शेवटी एवढंच मागितलं त्यांनी, की नाव लिन्या इंबुइयाच्या चर्चमध्ये वाचलं जावं. तुमची वही आणा, तुमच्याच हाताने लिहा. आणि यंदापासून नावासमोर मृत्यूचं वर्षही घालायचं बरं का. कचेरीतून पत्रक आलंय, सगळ्या वह्यांची नोंद ठेवायची म्हणून. वाचायचं नाही ते, फक्त लिहायचं."

टेबलावर वह्यांची चवड होतीच. फादरांनीच होरोबेत्सांची ओढून घेतली, पान उलटलं, आणि थांबले. "हे काय? ओनुफ्रिय तर आहे इथे."

"आजोबा," तेकला म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "आजोबांचं नाव भावाला ठेवलं होतं."

निम्मं खरं होतं ते. आजोबांचं नाव ओनुफ्रियच, पण ते वहीत पहिल्याच ओळीवर होतं आणि फादरांनी पहिलं पान पाहिलंच नव्हतं.

"असं होय. मग खाली पुन्हा लिहा. शनिवारी मी लोकांना दोन शब्द सांगेन त्यांच्याबद्दल."

"नको, फादर. नाव वाचा फक्त. त्याला ... त्याला गाजावाजा आवडायचा नाही."

फादरांनी मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, कागद टेबलावर ठेवला आणि धूळ उडवत निघून गेले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. ओनोफ्रे आता खरंच मेला होता आणि त्याचं नाव वहीत आधीपासून होतंच. ते खाली पुन्हा लिहिलं की झालं, तेकलाला आणखी काही करायचीच गरज नव्हती. अडतीस वर्षं जे खोटं होतं ते रोन्दोनियातल्या एका पलंगावर आपोआप खरं होऊन बसलं होतं, आणि जगात कोणालाही ते कळणार नव्हतं. अशी सुटका एखादीला आनंद देऊन गेली असती. तेकलाला मात्र त्या संध्याकाळी गाईच्या अंगाला टेकून हुंदके आवरेनात, आणि त्यातला किती वाटा भावासाठी आणि किती स्वतःच्या लाजेसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. "लग्न केलं नव्हतं," हे तीन शब्द तिला गिळता येईनात.

ते कसं झालं ते सांगायला हवं.

ओनोफ्रे रोन्दोनियाला गेला एकोणऐंशी साली, चोवीस वर्षांचा असताना. दोन वर्षांनी पैसे गाठीला बांधून येतो, मग लग्न, असं वेरोनिका स्कोरुपाला सांगून गेला. वेरोनिका तेव्हा बावीसची होती, शेजारच्याच शेतावरची, आणि चर्चमध्ये खालच्या सुरात गायची. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, नंतर काहीच नाही. तिकडे हिवताप, तिकडे टपाल नाही, तिकडे माणसं जंगलात शिरतात आणि बाहेर येत नाहीत, असं लोक सांगायचे. वेरोनिका वाट बघत राहिली.

चौऱ्याऐंशी साली तेकलाची आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं तेकला करायची: उचलणं, पुसणं, चमच्याने सूप भरवणं. आणि आई विचारायची एकच, ओनोफ्रे आला का? पाणी दिलं की ओनोफ्रे आला का, उशी बदलली की ओनोफ्रे आला का. तेकला पुढ्यात उभी असताना दाराकडे बघायची. आईच्या त्या नजरेने तेकला जळून जायची. तिला आईची दयाही यायची आणि संतापही यायचा. आणि हे दोन्ही एकाच माणसाबद्दल वाटत असलं की माणूस काय करेल याचा नेम नसतो.

आमच्या म्हाताऱ्या एक गोष्ट सांगतात, पाद्र्यांच्या पाठीमागे. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत वाचवून घेतलं की त्याला कुठेही असला तरी चैन पडत नाही. जीव तुटायला लागतो. एक तर तो घरी येतो, नाहीतर उभा वाळून जातो. हे पाप आहे, हे प्रत्येक म्हातारी आधी सांगते आणि मग आवाज खाली आणून बाकीचं सांगते.

पंचाऐंशीच्या जानेवारीत घरची वही नव्याने लिहिताना तेकलाने भावाचं नाव घातलं. आईसाठी घातलं, असं तिने स्वतःला सांगितलं. आईने डोळे मिटायच्या आत तो यावा. पण लेखणी टेकवताना तिच्या मनात हेही होतं, की वाळायचा असेल तर वाळू दे मेला.

एक गोष्ट तिने ध्यानातच घेतली नव्हती. लिन्यावर इव्हान ढिगाने, पण ओनुफ्रिय होरोबेत्सांच्या घराबाहेर कोणी नाही. त्या शनिवारी तेव्हाच्या फादर बाझीलियोंनी होरोबेत्सांची वही उघडली. पहिला ओनुफ्रिय, आजोबा, सगळ्यांना माहीत होता. मग बाकीची नावं, आणि शेवटी पुन्हा, "ओनुफ्रिय." बायकांच्या बाजूला काहीतरी धपकन पडलं. वेरोनिका गुडघ्यांवर कोसळली होती. सगळ्यांच्या माना तेकलाकडे वळल्या. तिला कळलं असणार, पत्र आलं असणार, बिचारीने आईसाठी लपवलं असणार. एका शब्दाने हे थांबवता आलं असतं. तेकलाने तो उच्चारला नाही. तिने "अखंड स्मरण" हे मेलेल्यांसाठीचं गाणं उचललं, आणि सगळ्या लिन्याने एका जिवंत माणसासाठी ते तीनदा म्हटलं.

ओनोफ्रे आला नाही. ईस्टरनंतर आई गेली, दाराकडे बघतच.

मग वेरोनिका रोज संध्याकाळी येऊ लागली. तेकलाला सोबत म्हणून, तिची भावजय झाली असती ना ती. दोघी मिळून घेवडा निवडायच्या, पेरोह्यांच्या करंज्या वळायच्या, माणसांची टिंगल करायच्या. दोन जणांनी वेरोनिकाला मागणी घातली, तिने नको म्हटलं. दर उपासकाळात ओनोफ्रेच्या नावाने पाव ती करायची. तेकलाला जन्मात पहिल्यांदा मैत्रीण मिळाली होती. चोरीचा माल गोड लागतो म्हणतात. तेकलाला तो गोडही लागायचा आणि घशात अडकायचाही.

आणि सत्याऐंशीच्या जूनमध्ये ओनोफ्रे आला.

शेजारच्या लिन्यावर संत योहानाचा सण होता. आमच्याकडची झाडून सगळी माणसं तिकडे गेली होती. तेकलाची गाय व्यायला टेकलेली, म्हणून ती एकटी मागे राहिली. सकाळचं हिम अजून गवतावर होतं. फाटकाशी एक पिवळा पडलेला माणूस उभा. गालफडं बसलेली. तेकलाने आधी ओळखलंच नाही.

"दोन वर्षं झोप नाही गं, तेकला," चुलीशी बसून घेवड्याचं कालवण ओरपताना तो म्हणाला. "मार्च आला की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं. सारखं वाटतं, घरून कोणी बोलावतंय. डॉक्टर म्हणतो हिवताप. असेलही. आई कुठाय?"

आई गेल्याचं तिने सांगितलं. तो बराच वेळ पालथ्या हाताने डोळे पुसत बसला. मग त्याने विचारलं, "आणि वेरोनिका? गाते का अजून?"

दार उघडं होतं. लांबवरून सणाच्या घंटा ऐकू येत होत्या. वेरोनिका तिथे, केकच्या टेबलामागे उभी होती. संध्याकाळी परत आली असती. तेकलाच्या डोळ्यांसमोरून सगळं एका क्षणात गेलं. मेलेला ओनुफ्रिय चर्चच्या दारातून आत येणार. फादर बाझीलियो विचारणार, हे नाव कोणी लिहिलं? वह्या हातातून जाणार, गाण्याची जागा जाणार, लिन्यावर लहान पोरंही बोट दाखवणार. आणि संध्याकाळी या चुलीशी घेवडा निवडायला कोणी येणार नाही. वेरोनिका त्याची बायको होऊन त्याच्या चुलीशी बसणार.

"तिचं लग्न झालं," तेकला म्हणाली. "पोंता ग्रोसाला दिली. एक मूल आहे."

ओनोफ्रेने ताटली खाली ठेवली. तिला एक शब्दही वाकडा बोलला नाही. "बरं झालं," म्हणाला. "मी तरी काय देणार होतो तिला." मग उठला, गाईला वासरू होईपर्यंत थांबला, तिला हात दिला, हात धुतले आणि माणसं सणाहून परतायच्या आत मोठ्या रस्त्याकडे चालत निघून गेला. तेकलाने हाक मारली नाही.

संध्याकाळी वेरोनिका आली ती सणातला मधाचा केक कागदात गुंडाळून घेऊनच. "तुझ्यासाठी राखून ठेवला. खा, दिवसभर एकटी होतीस." तेकलाने तो तिच्यासमोर बसून खाल्ला.

पुढच्या वर्षी तिने वही लिहिताना भावाचं नाव गाळलं. निदान त्याची झोप तरी त्याला परत मिळू दे, असं वाटून. तर प्रार्थना संपताच वेरोनिका रडत तिच्याकडे आली, "फादरांनी ओनुफ्रियला वाचलंच नाही गं! पान चिकटलं असेल. आपण नाही आठवण ठेवली तर कोण ठेवणार?" त्यानंतर तेकलाने ते नाव कधी गाळलं नाही. दर ईस्टरला ती कबुलीला गेली. फादरांचं वस्त्र डोक्यावर घेऊन कोंबड्यांना दिलेल्या शिव्या, मारिन्याची केलेली निंदा, उपासात चाटलेलं लोणी, सगळं तिने कबूल केलं. ते एक सोडून. आणि ते पाप तसंच पोटात ठेवून दरवर्षी ख्रिस्तप्रसाद घेतला. खाई त्याला खवखवे. छत्तीस वर्षं तिला खवखवत होतं.

तर यंदाच्या शनिवारच्या आदल्या दिवशी, सकाळी, वेरोनिका नेहमीसारखी पाव करायला आली. भट्टी तेकलाकडची चांगली. सहासष्ट वर्षांची वेरोनिका गुडघ्यांनी अधू झाली होती, पण हातांनी अजून झपाट्याची. कणकेचे लांब पेड काढून ती वेणी घालायला बसली.

"तुझं तोंड का उतरलंय? दात दुखतोय का? नाहीतर मारिन्या येऊन गेली असेल."

"ओनोफ्रे गेला," तेकला म्हणाली.

"अगं बाई, आज आठवण आली व्हय तुला?"

"जानेवारीत गेला. यंदाच्या."

वेरोनिका हसायच्या बेतात होती. तेकलाच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू जागच्या जागी राहिलं. मग तेकलाने सांगितलं. थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं: म्हाताऱ्यांची गोष्ट, लेखणी, आई, फाटकाशी उभा राहिलेला माणूस, पोंता ग्रोसा, मूल. रोन्दोनियाचं पत्र तिने पुढे ठेवलं. वेरोनिकाचे हात पिठात तसेच होते.

"काय खाल्लं त्यानं?" शेवटी वेरोनिकाने विचारलं.

"अं?"

"तो आला तेव्हा. काय वाढलंस त्याला?"

"घेवड्याचं कालवण. पाव."

"पोटभर?"

"ताट टाकलं त्यानं. मी ... तुझं सांगितल्यावर."

"माझं काय विचारलं?"

"गाते का अजून, म्हणून."

वेरोनिकाने मान हलवली, जणू एखाद्या वस्तूची किंमत विचारली आणि ती परवडणारी नाही हे कळलं. "त्या दिवशी मी तुला केक आणला होता," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा तुकडा. कोणी मागितला तर म्हणायचे, नाही, हा तेकलाचा."

"वेरोनिका, मला मार. शिव्या दे. लिन्याभर सांग, चर्चमध्ये उभी राहून सांग, मी नाही म्हणणार नाही."

"मी कशाला सांगू? सांगून माझं वय खाली येतंय का?" तिने हात फडक्याला पुसले, एकेक बोट पुसलं. "वही आण."

तेकलाने वही आणली. आईच्या नावाखाली तिने ओनुफ्रिय यंदाच्या वर्षासह पुन्हा लिहून ठेवला होता.

"लिही. त्याच्या खाली. वेरोनिका."

"नाही गं!" तेकला घाबरून उठलीच. "जित्याचं नाव लिहू नये. माणूस वाळतं."

"छत्तीस वर्षं वाळलेय मी. आता काय उरलंय वाळायला?" तिचा आवाज चढला नव्हता, चर्चमधल्यासारखाच खालच्या सुरात होता. "मला येत नाहीत ती अक्षरं, नाहीतर मीच लिहिलं असतं. एवढ्या जणांना लिहिलंस तू. मला लिहायला काय हात मोडला? लिही. आणि वर्षही घाल, तुझ्या बिशपांनी सांगितलंय ना. कोणतं वर्ष ते तुला ठाऊक आहे."

तेकलाने लिहिलं. अठराव्या वर्षापासून कधी हललं नव्हतं ते अक्षर हललं. समोर लिहिलं, एक हजार नऊशे सत्याऐंशी. वेरोनिकाने शाई वाळेपर्यंत बघितलं आणि मग परत बसून वेणी पुरी केली, दोन पाव जास्तीचे करून.

शनिवारी चर्च भरलं होतं. फादर मेतोदियोंनी वह्या एकामागून एक उघडल्या. इव्हान आले, पोरांनी ते बोटांवर मोजले, चिमटे खाल्ले. मारिन्याच्या सासूबाई ठळकपणे येऊन गेल्या. मग होरोबेत्स. "ओनुफ्रिय," आजोबा. बाकीचे. पुन्हा "ओनुफ्रिय." आई. मग खाली तिसरा "ओनुफ्रिय," ते बरोब्बर तिथेच अडखळले, दोनदा वाचायचं की तीनदा हे त्यांना कळेना, पण पुढे गेले. "वेरोनिका."

कोणाचीही मान वळली नाही. वेरोनिका जुन्या वह्यांत तीन-चार आहेत. एखादी पणजी असेल. खरी वेरोनिका बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकाशी, आपल्या नेहमीच्या जागी, फुलांचा रुमाल बांधून उभी होती. "अखंड स्मरण" उचलायची वेळ आली. तेकलाने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. मागून, खालच्या सुरात, वेरोनिकानेच ते उचललं. तीनदा म्हटलं. स्वतःसाठी.

"भाऊ आठवला बिचारीला," मारिन्या शेजारणीला म्हणाली. "इतकी वर्षं झाली तरी."

बाहेर घंटेच्या मनोऱ्याखाली पाव वाटायची रीत. देणारा ज्याच्या नावाने देतो ते नाव घेतो, घेणाऱ्याने म्हणायचं, देव त्याला क्षमा करो, आणि तुकडा तोंडात टाकायचा. वेरोनिका टोपली घेऊन लंगडत सगळ्यांकडे गेली. "ओनुफ्रियच्या नावानं," ती म्हणत होती, आणि सगळे क्षमा मागून खात होते. तेकलापाशी आली तेव्हा तिने फडक्याखालून दुसऱ्या पावाचा तुकडा काढला. आजूबाजूला माणसं होती, तेकलाने हात पुढे केला.

"वेरोनिकाच्या नावानं."

रीत मोडता येत नव्हती. "देव तिला क्षमा करो," ती कशीबशी म्हणाली.

"तिनं काय केलं होतं गं?" वेरोनिकाने विचारलं, आणि टोपली घेऊन ती पुढच्या माणसाकडे गेली.